पंज्याचा मान

काही प्रकरणे कागद मिटला की मिटतात. बेळगावच्या वडगावातल्या एका गल्लीतले हे प्रकरण साध्या तक्रार अर्जावर निकाली निघाले. न्यायालयात गेले नाही, वर्तमानपत्रात आले नाही. तरीही नोकरीतल्या खुनांपेक्षा आणि दरोड्यांपेक्षा मला तेच अधिक वेळा आठवते.

त्या गल्लीत घरोघरी यंत्रमाग आहेत. टोकाला एक लहान दर्गा आहे. त्याची देखभाल मुजावराचे घर करते. मोहरममध्ये चांदीचा पंजा मिरवणुकीत उचलतात. त्या पंज्याला गल्लीत ‘पीर’ म्हणतात, आणि तो उचलण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या एका हिंदू विणकर घराकडे आहे. गल्लीतल्या देवीच्या पालखीला पहिला खांदा मुजावराच्या घरचा. हे कुणी ठरवले ते कुणी सांगू शकत नाही. बेळगावात अशा वाटण्या बऱ्याच आहेत. बंदोबस्ताच्या नकाशावर त्या दाखवता येत नाहीत.

मी त्या हद्दीच्या ठाण्यात निरीक्षक होतो. मोहरमच्या आधी शांतता समितीच्या बैठकीचे निमंत्रण द्यायला मी पंज्याच्या मानकऱ्याच्या घरी गेलो होतो. गल्ली त्यांना आप्पा म्हणते. माग चालू होता, बोललेले ऐकू येत नव्हते. बूट काढायला लागलो तर आप्पा ओरडून म्हणाले, “राहू द्या सायेब! सूत पडलंय सगळीकडं, तुमचं मोजं खराब व्हतील.” बूट घालूनच आम्ही मागाशेजारी चहा घेतला.

पुढे पीर बसवायचा दिवस जवळ आला. पंजा उजळण्यासाठी दर्ग्यातली पेटी उघडली, तर पंजा नव्हता. कुलूप शाबूत होते. किल्ली मुजावराच्या घरी खुंटीला असते.

त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. नाव सांगितले नाही. “मुजावरानं पीर मोडीत घातलाय. विचारा त्याला.” पाठोपाठ गल्लीतली पाच-सहा प्रतिष्ठित माणसे अर्ज घेऊन आली. त्यांत एक माजी नगरसेवक होते, एक शिक्षक. शिक्षक म्हणाले, “आम्हाला आधीपासूनच शंका होती.” कशावरून, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, “तसं काही नाही. पण शेवटी किल्ली कुणाकडे?” या माणसांनी वर्षानुवर्षे त्या दर्ग्यात नारळ फोडले होते. मुजावराच्या हातून अंगारा घेतला होता.

मुजावराला चौकशीसाठी बोलावले. तो ठाण्याच्या दारात चपला काढून आत आला. ठाण्यात कुणी चपला काढत नाही. सांगूनही त्याने घातल्या नाहीत.

“चाचा, पंजा कुठे आहे?”

“जाग्यावर न्हाय, सायेब.”

“विकला?”

तो म्हणाला, “पोटच्या पोराला कुणी इकतंय व्हय?”

“मग चोरीला गेला?”

“तसं मी म्हणालो न्हाय.”

आमच्याकडे जबाब तोंडी मराठीत होतो आणि कागदावर कन्नडमध्ये उतरतो. लेखनिकाने जबाब लिहून पुढे सरकवला. मुजावर चौथीपर्यंत कन्नड शाळेत गेलेला. त्याने एका शब्दावर बोट ठेवले. “ह्ये ‘कळवु’ ल्हिवलंय. कळवु म्हंजे चोरीच की. ह्ये खोडा. मी सही करणार न्हाय.”

“मग काय लिहू?”

“पीर गेलाय. येतोय, असं ल्हिवा.”

हवालदार हसला. “चाचा, पीर बसनं गेलाय का रिक्षानं?”

मुजावर हसला नाही. तासाभराने हवालदाराने आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली. मुजावराचे उत्तर तेच राहिले. बाहेर गल्लीतली माणसे बसून होती. मुजावराचे घर त्या दर्ग्यावर आणि दर्ग्यावरच्या विश्वासावर उभे होते. चोरीचा ठपका बसला असता तर त्याला गल्ली सोडावी लागली असती, आणि मिरवणूकही कायमची थांबली असती. हे त्याला माहीत होते. तरी तो गप्प होता. गुन्हेगार गप्प बसतो तो स्वतःला वाचवायला. हा माणूस स्वतः बुडत असताना गप्प होता. तो कुणाला तरी झाकतो आहे, एवढे माझ्या लक्षात आले. कुणाला, ते कळेना.

मानकऱ्याचा जबाब बाकी होता. हवालदाराला घेऊन मी आप्पांकडे गेलो. गल्लीत सगळे माग खडखडत होते. आप्पांच्या घरातून आवाज येत नव्हता. दाराशी बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मागाचे रूळ, उभे होते. म्हणजे काम होते, वीज होती, आणि माग बंद होता.

फाटक उघडले तोच आप्पांची बायको लगबगीने बाहेर आली. “सायेब, पायताण तितंच काढा. फाटकाच्या भाईर.”

हवालदार सवयीने बोलून गेला, “काय आक्का, घराचं देऊळ केलंय काय?”

तिचा हात पदराकडे गेला आणि तिथेच थांबला. मी तिच्या मागे पाहिले. ओसरीवरची खाट उभी करून भिंतीला लावली होती. आतून उदाचा वास येत होता. पीर ज्या छताखाली असतो तिथे पायताण चालत नाही, खाटेवर कुणी झोपत नाही, ऊद विझू देत नाहीत. या गल्लीत लहान मुलालाही हे ठाऊक आहे. पोलिसांपासून लपवताना या घराने पंजा लपवला, पण त्याचे सोवळे मोडता आले नाही.

मी बूट फाटकाबाहेर काढले. आप्पा मागाच्या खोलीत जमिनीवर बसले होते. मागावर कोरे लुगडे पसरले होते.

“आप्पा, त्याच्याखाली आहे?”

त्यांनी मान डोलावली.

“का?”

ते आवाज न चढवता म्हणाले, “पोरीचं ठरत आलंय, सायेब. निपाणीकडचं स्थळ. शिकलेली माणसं. गेल्या साली कुणीतरी मोबाईलवर माझा पीर धरलेला व्हिडिओ काढलता. त्यो त्यांच्याकडं गेला. पोराचा मामा म्हणाला, ‘तुम्ही अजून ह्ये करता?’ मला बोलताच आलं न्हाय. मी हसलो. हसून म्हणालो, ‘न्हाय, आता बंद करणार हाय.’”

“मग मान सोडतो म्हणून गल्लीला सांगायचं.”

“कुठल्या तोंडानं सांगू? बापाचा मान हाय. वाटलं, यंदा पीरच न्हाय म्हटल्यावर कुणाला न्हाय म्हणायला नको. साखरपुडा झाला की परत ठेवणार हुतो. किल्ली घेतली, परत खुंटीला लावली.”

“चाचांना धरलंय, माहीत आहे?”

“व्हय.”

“आणि तुम्ही इथे बसलात.”

आप्पांची बायको दारातून म्हणाली, “मी सांगत हुते. चाच्याकडं जावा म्हटलं. पोरीनं कालपास्नं अन्न खाल्लं न्हाय. ती म्हणत्या, असलं लगीन मला नको.”

आप्पांनी तोंड दोन्ही हातांत धरले. रडणारे आरोपी मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेक जण पकडले गेल्यामुळे रडतात. हे वेगळे होते.

मुजावराला मी गाडीतून गल्लीत आणले. गाडीत तो म्हणाला, “किल्ली उलट्या तोंडानं खुंटीला हुती, सायेब. चोर किल्ली परत आणून लावतोय व्हय? माझ्या घरात चुलीपातुर येणारा एकच माणूस हाय.”

“मग सांगितलं का नाही?”

“त्येची पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढल्या.”

आप्पांच्या फाटकाशी गर्दी जमली होती. अर्ज देणारेही त्यात होते. मुजावराने चपला काढल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “आप्पा, पीर पाव्हणा म्हणून आलता तुमच्या घरी. पाव्हणचार झाला. आता चला, उजळायचं हाय.”

गोष्ट तिथे संपली असती. गल्लीने ते मानलेही असते. अशा वेळी माणसे सोयीचे तेवढे ऐकतात. पण आप्पा पंजा लुगड्यात घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, “न्हाय चाचा. पाव्हणा न्हाय. मी चोरला हुता.”

शिक्षक खाली बघत होते. माजी नगरसेवक मोबाईल कानाला लावून बाजूला गेले. मला वाटते, फोन आलाच नव्हता. ठाण्यात निनावी फोन करणाराही बहुधा त्याच गर्दीत उभा होता. त्याला शोधायची गरज मला वाटली नाही. आमच्यापैकी कुणाचेच तोंड त्याच्याहून फार स्वच्छ नव्हते.

मुजावराने तक्रार नसल्याचे लिहून दिले. ‘कळवु’ हा शब्द त्या कागदावर आला नाही. निपाणीचे स्थळ मोडले. नकार कुणाकडून गेला, ते मी विचारले नाही.

या प्रकरणाने मला शिकवले ते थोडके आहे. भांडणाऱ्या दोन धर्मांमध्ये उभे राहायचे प्रशिक्षण आम्हाला मिळते. इथे भांडण नव्हतेच. परक्या माणसाचा एक प्रश्न आला, ‘तुम्ही अजून हे करता?’, आणि एक चांगला माणूस हसला. त्या हसण्यातून पुढचे सगळे घडले. असा प्रश्न आला की आमच्या शहरातली पुष्कळ माणसे अलीकडे तसेच हसतात. त्यासाठी कुठलेही कलम नाही.

मिरवणुकीच्या दिवशी मी बंदोबस्ताला होतो. आप्पा अनवाणी, गर्दीच्या मागे उभे होते. मुजावराने पंजा बाहेर आणला आणि तो कुणाच्याच हातात दिला नाही. लोक म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी द्या. तो म्हणाला, “मानकरी उभा हाय की हितं.” वाजंत्री थांबली. उन्हात सगळे तसेच उभे राहिले. शेवटी गर्दी बाजूला झाली, आणि आप्पांना पुढे यावे लागले.

त्यांनी पंजा उचलला. मान त्यांचाच होता. मान मात्र गल्लीच्या टोकापर्यंत वर झाली नाही.