निकालीच पाहिजे म्हणणारे आण्णा

अक्कलकोट रोडच्या घरात मी राहायला आले त्या दिवशी दोन हमाल माझं लोखंडी कपाट जिन्यावरून चढवत होते. खाली एक उंच, मिशाळ गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे होते आणि मोठ्यांदा सांगत होते, "वरच्या गड्यानं डावा खांदा दिलाय. खालच्याची पकड सैल हुतीया. कपाट चितपट व्हायला आलंय मंडळी, पन न्हाय, सावरलं की." हमालांना हसू फुटलं, कपाट खरंच निसटता निसटता राहिलं आणि मी मनात म्हटलं, देवा, शेजार मिळाला तो असा. तो शेजार म्हणजे दामूआण्णा.

आण्णा टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होते, पण ते पोटापुरतं. जीव सगळा कुस्तीच्या निवेदनात. जत्रेत मैदान भरलं की माइक आण्णांच्या हातात. कोण पैलवान कुठल्या तालमीचा, त्याचा बाप कुणाशी लढला होता, सगळं तोंडपाठ. हलगी कडाडली की त्यांचा आवाज असा चढायचा की शाळेत मराठी शिकवणारी, कुस्तीतलं ओ की ठो न कळणारी मीसुद्धा उठून उभी राहायचे. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीचा मात्र त्यांना मनस्वी राग. "निकालीच पायजे," ते म्हणायचे. "पाठीला माती लागल्याबिगर कुस्ती कसली, ती गळाभेट." घरातही हाच कायदा. दूध उतू गेलं की भिंतीपलीकडून आण्णा आपल्या बायकोला, शांताकाकूंना, चितपट जाहीर करायचे.

मग एकदा कामावरून येताना त्यांची मोटारसायकल घसरली. कमरेचं ऑपरेशन झालं आणि दुखणं दाबायला अफूच्या जातीच्या गोळ्या मिळाल्या. त्या थोड्या दिवसांसाठी होत्या. आण्णांनी स्वतःच्या अकलेनं त्या पुढं चालू ठेवल्या, कारण एक घेतली की मैदानात दिवसभर उभं राहता यायचं. पुढं एकीनं भागेना. माणूस घरात असून नसल्यासारखा झालाय, असं काकू मला सांगायच्या.

उजनीच्या काठच्या एका गावी जत्रेचं मोठं मैदान असतं. तिथले निवेदक कित्येक वर्षं आण्णाच. त्या वर्षी काकूंबरोबर मीही गेले होते. शेवटची कुस्ती लागली, पैलवान आखाड्यात उतरला आणि आण्णांना त्याचं नावच आठवेना. माइक हातात, डोळे जड, सगळं मैदान गप्प. शेवटी त्या पोरानं स्वतःच आपलं नाव सांगितलं. घरी आल्यावर आण्णा चप्पल काढता काढता म्हणाले, "पुढल्या जत्रंला ह्याच मैदानात उभारणार. पन गोळीबिगर."

आता आपल्याकडे काही सोडायचं तर मुहूर्त श्रावणाचा. आण्णांनी तंबाखू अशीच एका श्रावणात सोडली होती आणि पुन्हा तिला हात लावला नव्हता. तोच हिशेब त्यांनी गोळ्यांना लावला. पहिल्या सोमवारी महादेवाला बेल वाहिला, गोळ्यांची सगळी पाकिटं घंटागाडीत टाकली आणि जाहीर केलं, एका डावात निकाल. आम्हा शेजाऱ्यांना कोण कौतुक वाटलं.

दोन दिवसांत भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. त्या शांततेनंच मी घाबरले. जाऊन पाहते तर आण्णा घामानं निथळत होते आणि त्याच वेळी अंगावर काटा उभा होता. नाक वाहत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, पोट बिघडलेलं. पाय एका जागी ठरत नव्हते. आणि कंबर पूर्वीपेक्षा दुप्पट दुखत होती. तरी गडी हटायला तयार नाही. नेम मोडायचा नाही, म्हणत होते. काकूंनी त्यांची चप्पल आणून पायापुढं ठेवली आणि आम्ही रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. शरीराला सवय झालेलं औषध असं हिसकून घेतलं की शरीर असंच बंड करून उठतं, त्यांनी समजावलं. आधी थोडं परत सुरू करायचं, मग टप्प्याटप्प्यानं उतरवायचं, तेही त्या सांगतील तसंच. सोबत शेक, चालणं आणि ठरवून दिलेले व्यायाम.

"म्हंजे कुस्ती लांबवायची?" आण्णांनी विचारलं. त्यांचं तोंड कडू झालं होतं.

"हो," बाई म्हणाल्या. "लांबवायची. आणि दुखणं अगदी शून्य होईल असं मी म्हणत नाही."

आणि मग काय सांगू, आमची अख्खी आळी त्या कुस्तीला बसली. गोळ्या काकूंच्या ताब्यात. डोस उतरला की पुढचे काही दिवस जड जायचे, मग जरा दम मिळायचा, मग पुढची पायरी. आण्णा गल्लीतून काठी टेकत चालायचे आणि स्वतःचंच निवेदन करायचे: "कमरंच्या कळीनं एकेरी पट काढलाय, पाय धरलाय. आण्णा खाली गेला, पन पाठ टेकली न्हाय." दारादारांतून बायका विचारायच्या, आज कोण वर? एकदा तर भाजीवाला गाडी थांबवून ऐकत राहिला.

सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. शेवटच्या पायरीवर त्यांनी एका दुपारी माझ्याकडे हळूच एक पाकीट मागितलं, काकूंना न सांगता आणा म्हणून. मी नाही म्हटल्यावर मला नाही नाही ते बोलले. मला रडू आलं. संध्याकाळी मी काकूंना सांगितलं आणि त्यांनी तिथल्या तिथं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी ती पायरी जरा लांबवली. दोन दिवसांनी आण्णा माझ्या दारात उभे. मान खाली. "बाई, पंचांचा निर्णय बरोबर हुता," एवढंच म्हणाले. मी चहा टाकला.

जत्रा आली तोवर गोळी सुटली होती. आण्णा मैदानात गेले ते कमरेला पट्टा बांधून, आणि चक्क प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. पण आवाज! पैलवानांची नावं, त्यांच्या बापांची, वस्तादांची, एकही चुकलं नाही. गेल्या वर्षीचा तो पोरगा आखाड्यात आला तेव्हा आण्णांनी त्याची तीन पिढ्यांची कुळी सांगितली आणि मैदान दणाणून गेलं. त्याचीच कुस्ती शेवटची. लांबली, लांबली आणि पंचांनी बरोबरीत सोडवली. लोक उठले. निकाली, निकाली, एकच गलका. मी आण्णांकडे पाहिलं, कारण हा गलका एरवी तेच सुरू करायचे.

आण्णा खुर्चीच्या हाताला धरून सावकाश उभे राहिले. कळ आली असावी, डोळे क्षणभर मिटले.

"मंडळी," ते माइकवर म्हणाले, "दोगंबी आपापल्या पायावर उभं हायती. हे लई अवघड आस्तं. टाळ्या वाजवा."

माझ्या शेजारी काकूंनी पहिली टाळी वाजवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण हात मोकळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेची तयारी करत होते. भिंतीपलीकडे पलंग करकरला, एक लांब सुस्कारा ऐकू आला आणि पाठोपाठ तो आवाज: "कळ आखाड्यात हाय. आण्णाबी आखाड्यात हाय. शांते, च्या आण."