चंद्रकलेनं फिरवलेलं दार

सकाळी मी डबा भरत होते तेव्हा पूजाचा फोन आला. पूजा म्हणजे माझ्या धाकट्या जावेची, चंद्रकलेची सून. सासूला ती आत्या म्हणायची. "मोठ्या आई, आत्या गेल्या," एवढंच ती बोलली. मागून बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी पाणी तापवायला सांगत होतं. मी गॅस बंद केला, ज्या शाळेच्या कार्यालयात काम करते तिथं कळवलं आणि गंगापूरची एसटी धरली. तिथून पुढं जीपनं गाव. चंद्रकला बावन्न वर्षांची होती. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा ती डायलिसिससाठी शहरात यायची, तेव्हा बातमी अनपेक्षित नव्हती. तरी वाटेत ऊस किती वाढलाय, कापूस कुणाचा चांगला आहे, असलं काहीबाही मी मुद्दाम बघत राहिले.

दहाव्याला भाषणं झाली. आमच्याकडं हल्ली होतात. गावातले एक पुढारी माईक धरून म्हणाले, "अत्यंत सोशिक माऊली. कधी आवाज चढवला नाही, कधी काही मागितलं नाही." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी त्या गृहस्थांकडं बघत बसले. ज्या दुपारी चंद्रकलेनं घरात पहिल्यांदा बंड केलं, त्या दुपारी हेच आमच्या ओट्यावर चहा पीत बसलेले होते. सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. दहाव्याच्या ठिकाणी भांडण शोभत नाही म्हणून मी उठले नाही. ते काम इथं करते. चंद्रकला सोशिक नव्हती.

लग्न होऊन ती आली तेव्हा मला त्या घरात तीन वर्षं झाली होती आणि नवऱ्याच्या बदलीमुळं आम्ही शहरात निघालो होतो. घराच्या चाव्या द्याव्यात तसं मी तिला सगळं समजावून दिलं. कुठल्या डब्यात काय, सासऱ्यांना भाकरी कशी लागते, आणि बायकांनी बाहेर कुठं जायचं. गावात तेव्हा कुणाकडंच संडास नव्हता. पहाटे उजाडायच्या आत जायचं आणि मग अंधार पडल्यावर. मधल्या वेळेत बाईला काही लागत नाही असं धरून चालायचं. गावाबाहेरच्या रस्त्याच्या कडेला ओळीनं बसायचं आणि गाडीचा उजेड आला की सगळ्यांनी उभं राहायचं. गाडी गेली की परत बसायचं. एखाद्या पहाटे चार-पाच वेळा. ती मला म्हणाली, "आक्का, माझ्यानं नाय व्हायचं." मी म्हणाले, "सवय होते गं. आम्ही नाही का काढली?" हे वाक्य मी बोलले होते हे मला तिच्या आजारपणात रोज आठवत होतं. तिनं एकदाही त्याची आठवण काढली नाही.

पुढं योजनेतून संडास आला. सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, जागा ठरवली ती पुरुषांच्या अकलेनं. घराच्या मागच्या अंगाला चूल आणि देवघर, तेव्हा ही घाण तिकडं नको, असा त्यांचा हिशेब. म्हणून तो बांधला पुढच्या अंगणाच्या कोपऱ्यात, घराच्या कडेला, ओट्यापासून दहा पावलांवर, दार रस्त्याकडं आणि पाठ परसाकडं जाणाऱ्या बोळात. ओट्यावर दिवसभर गावातली पाच-सहा माणसं बसलेली. त्यांच्यासमोरून घरच्या सुनेनं बादली घेऊन जायचं, आत जाऊन कडी लावायची, आणि बाहेर आल्यावर परत त्यांच्यासमोरून यायचं... हे कुणाच्या मनातच आलं नाही. शिवाय सासरा जिथं बसतो तिथं सुनेनं बसायचं नाही, हा रिवाज वेगळाच. संडासासमोर दादांचा फोटो निघाला. काही दिवस त्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या भरून ठेवल्या, मग दादा तो वापरायला लागले. बायका होत्या तिथंच, रस्त्याच्या कडेला. आता फरक एवढाच की गाव कागदावर स्वच्छ झालं होतं आणि बाहेर बसताना कुणी दिसलं तर सकाळी सकाळी शिट्टी वाजवून उठवणारी माणसं फिरत होती. त्या शिट्टीनं चंद्रकला एकदा धडपडत उठली आणि पडली. तिला लागलं नाही. पण त्यानंतर ती बदलली.

पाणी ती लग्नापासूनच मोजून प्यायची, आता तर तोडलंच. दुपारी एकनंतर घोटसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही. मग संध्याकाळची भाकरी अर्धी, मग चतकोर. पहाट झाली का बघायला ती रात्रीतून चारदा उठायची. छातीत धडधड, डोकेदुखी. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. एकदा ताट भिंतीवर फेकलं, त्यात पोळी होती, दूध होतं. घरात म्हणाले, बाहेरचं लागलंय. लिंबू उतरवले, दंडाला दोरा बांधला. माझे दीर, म्हणजे तिचे यजमान रामभाऊ, स्वभावानं वाईट माणूस नाहीत, त्यांनी मला फोन केला, "वहिनी, हिचं डोकं फिरलंय. तुमच्याकडं घेऊन जा थोडे दिस."

मी तिला शहरात आणलं. आमचा फ्लॅट क्रांती चौकापासून चालत दहा मिनिटांवर आहे, दिवसभर गाड्यांचे कर्कश हॉर्न. मला वाटलं, हिला इथं झोप कसली लागणार. पहिल्याच दिवशी ती चौदा तास झोपली. मनोविकाराच्या डॉक्टरकडं नेलं तर त्या बाईंनी सासू, नवरा, मुलं, सगळं विचारलं आणि मग साधा प्रश्न केला, दिवसात पाणी किती पिता? चंद्रकला म्हणाली, "सकाळी एक गिलास. लई झालं तर दीड." डॉक्टरनी लिहायचं थांबवलं. घरी येताना रिक्षात मी तिला म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी तू मला आधी सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "काय सांगू? मला संडासाला जायचंय, असं फोनवर सांगू? समोर दादा बसायलेत."

आमच्याकडं ती संडासात फार वेळ बसायची. सुरुवातीला मला काळजी वाटली, मी दारावर थाप मारली. बाहेर येऊन तिनं मला झापलं. "आक्का, आत बाई असली की हाक मारायची नाय. कडी लावली की कसं वाटतं ठाव हाय का तुमाला? जगात तेवढीच जागा हाय जिथं कुनी मला काम सांगू शकत नाय." मला हे कधी सुचलं नव्हतं. मी तेवीस वर्षं रोज कडी लावत होते.

महिन्यानं ती परत गेली, डॉक्टरनी दिलेल्या गोळ्या घेऊन आणि मनाशी काहीतरी ठरवून. त्यानंतर आठ दिवसांनी मी तिला बघायला गावी गेले होते, म्हणून त्या दुपारचं सगळं माझ्या समोरचं आहे, पुढचं तिनंच सांगितलेलं. भर दुपार. ओट्यावर दादा, रामभाऊ, ते पुढारी आणि आणखी दोघं. चंद्रकलेनं बादली भरली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांसमोरून चालत गेली. बादलीतलं पाणी हिंदकळत होतं, तेवढाच आवाज. आत गेली, कडी लावली. पुढारी चहाच्या कपात बघायला लागले. दादा उठले आणि मारुतीच्या देवळाकडं गेले. मग बाकीचे उठले. अर्ध्या तासानं ती बाहेर आली तेव्हा ओटा रिकामा होता. मला म्हणाली, "बघा आक्का, माझ्या पोटाला किती लोक घाबरतात."

दादा तिच्याशी बोलेनात. जेवायचं ताट तिच्या हातून घेईनात. तिनं पंधरा दिवस रोज दुपारी बादली नेली, रोज ओटा रिकामा झाला. शेवटी रामभाऊ वैतागले, "तुला काय पायजे काय?" ती म्हणाली, "मला कुनाला उठवायचं नाय. दार मागं करा." दादा देवघरात होते, तिथूनच ओरडले की देवासमोर असलं चालणार नाही. ही म्हणाली, "देव मला बघून हसायचा नाय दादा. ओट्यावरले हसतात."

कुणी होकार देण्याची वाट तिनं पाहिली नाही. ज्यानं संडास बांधला त्या रफिक मिस्तरीलाच बोलावलं. तो दाराशी घुटमळला. "भाभी, दादा को पूछे क्या?"

"मला लागती तवा दादाला इचारून लागती का?"

रफिक हसला नाही, पण पिशवी उचलून निघायच्या ऐवजी त्यानं तिच्यातून छिन्नी काढली. म्हणाला, "देखो, दरवाजा उधर किया तो दरवाजे को पीठ आएगी. भांडं नहीं फिरता." ती म्हणाली, पाठ येऊ दे. भिंतीकडं तोंड करून बसायला तिची हरकत नव्हती. आजवर गाड्यांच्या उजेडाकडं तोंड करून बसली होती. दोन दिवसांत पुढचं दार विटांनी बुजलं आणि मागचं उघडलं.

दादांनी वर्षभर त्यात पाय ठेवला नाही. टमरेल घेऊन शेतात जायचे. मग गुडघे गेले. तिनंच एक दिवस हाताला धरून नेलं, "कडी लावून घ्या. मी हाय हितं, कुनी येत नाय." बाहेर आल्यावर ते भिंतीला टेकून म्हणाले, "म्होरं दार होतं तवा मलाबी लाज वाटायची." चंद्रकलेनं मला हे सांगितलं तेव्हा हसून नव्हे, रागानं सांगितलं. "इतकी वर्सं बोलले नायत. बोलले असते तर?"

शेजारच्या बायका मागच्या बोळातून यायला लागल्या. त्यांच्यात गरोदर पोरी होत्या, पाळी आलेल्या होत्या, एक अर्धांगाची म्हातारी होती. कुणाला परत पाठवलं असं झालं नाही. रामभाऊ कुरकुरले, "धर्मशाळा झाली." चंद्रकला म्हणाली, "मग पाटी लावा." तिच्या गोळ्या कमी झाल्या, मग बंद झाल्या. ती पुन्हा पोटभर जेवायला लागली, जाड झाली, गावातल्या लग्नांत मोठ्यानं उखाणे घ्यायला लागली.

पण लघवीचा त्रास आधीच सुरू झालेला होता. तो वरचेवर उलटायचा, ती मेडिकलमधून गोळ्या आणायची. शेवटी मूत्रपिंडं गेली. कशानं गेली हे डॉक्टर ठाम सांगत नाहीत. अनेक कारणं असतात म्हणतात. असतील. मी डॉक्टर नाही, पण वीस वर्षं पाणी तोडलेली बाई मी बघितली आहे, तेव्हा माझं मत मी लिहून ठेवते. डायलिसिस सुरू झाल्यावर तिला पाणी मोजून मिळायला लागलं. एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात पेल्यातलं बोटभर पाणी बघत ती म्हणाली, "लाजेनं मोजून पेले, आता डाक्टर मोजून देतोय. मधली धा वर्सं तेवढी माझी." आणि पेला उलटा करून शेवटचा थेंबसुद्धा घेतला.

तेराव्यानंतर मी गावात थांबले होते. रामभाऊंनी ठरवलं होतं की दार परत पुढं घ्यायचं. भेटायला आलेल्या पाहुण्यांना स्वयंपाकघरातून मागं जावं लागलं, ते त्यांना बरं वाटलं नव्हतं. "ती होती तवर चाललं, वहिनी." सकाळी सिमेंटचं पोतं आलं. पाठोपाठ रफिक मिस्तरी आला, आता त्याची दाढी पांढरी आहे. पोतं त्यानं फोडलं, घमेल्यात वाळू घेतली. मी पूजाकडं बघितलं. गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली, रामभाऊंसमोर अजून मान वर न करणारी. ती उठली, बादली भरली, आत गेली आणि कडी लावली.

पाऊण तास झाला. रफिकनं रामभाऊंकडं बघितलं, रामभाऊंनी माझ्याकडं.

"तिला बोलवा ना, वहिनी."

"आत बाई आहे," मी म्हणाले.

ते हाक मारायला तोंड उघडून तसेच राहिले. चंद्रकलेच्या शिस्तीमुळं त्या घरात बारा वर्षांत कुणी दारापलीकडच्या बाईला हाक मारली नव्हती. मी चहा केला. रफिकनं दोन कप घेतले, घमेलं पालथं केलं आणि म्हणाला, "रामभाऊ, एकीच दरवाजा तीन बार नक्को. हमारे घर की औरतां भी इधर आतीं." पिशवी उचलून तो निघाला. फोडलेलं पोतं तिथंच राहिलं.

सिमेंट ओल धरून वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी पूजानं त्याला परत बोलावलं आणि मागच्या दाराबाहेर पायरी करून घेतली. अर्धांगाच्या म्हातारीला उंबरा चढवत नव्हता. रामभाऊ त्या ओल्या पायरीशी वाकले आणि हळूच म्हणाले, "हिचं नाव घालू का त्यावर?"

"नाव कशाला, मामा," पूजा म्हणाली. मान अजून खालीच होती. "बल्ब लावा."