उकरलेली माती
परवा कढीसाठी ताकात हळद कालवली आणि स्वयंपाकघरात एकदम आमच्या कॉलेजच्या आखाड्याचा वास आला. तांबड्या मातीत कालवलेल्या तेल, ताक आणि हळदीचा तो आंबूस वास. मी शेवटच्या वर्षाला असताना विद्यापीठाने स्पर्धांचे गट बदलले, आमचं कॉलेज शहर गटातून बाहेर पडलं आणि सोबतचे पैलवान दुसऱ्या कॉलेजांनी उचलले. मला कुणी विचारलं नाही. आम्हाला कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांनाही कॉलेजने निरोप दिला; त्यांच्या जागी मातीऐवजी मॅटवर शिकवणारे सर येणार होते. तरी मी रोज पहाटे माती उकरायचो, कारण उकरली नाही तर ती दगडासारखी होते. लढायला कोणी नसायचं. दंड-बैठका मारून सदाशिव पेठेतल्या खोलीवर परतायचो. एके सकाळी वस्ताद आपली पेटी न्यायला आले. भुसभुशीत मातीकडे बघून म्हणाले, "कुनासाठी उकरलीस रं?" मी फावडं बाजूला ठेवलं. "मंग वाया कशाला घालवायची?" म्हणत त्यांनी सदरा खुंटीला टांगला. साठी उलटलेल्या त्या माणसाने मला दोनदा चीत केलं, माती कपाळाला लावली आणि पेटी उचलून आपल्या मांजरी गावाची बस धरली. दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन गेलो, तर आम्हा दोघांच्या पावलांचे ठसे तसेच होते. उकरायला हात धजेना. मॅट येईपर्यंत माती पार दगड झाली. परवाची कढी एकट्यापुरतीच करायची होती, पण ताक दोघांना पुरेल एवढं पडलं.