गाडी न शिकवणारी शाळा

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हतं. चुकून कोणाच्या हाती हे पडलं तर त्याने माफ करावं. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची मागची बाजू कोरी असते, तिच्यावर लिहिते आहे. घरात कोणाला दाखवायचं नाही. पण पोटात राग आहे, आणि राग बोलून काढायची मला सवय नाही. लग्नात उखाणा घेतला तेव्हा माझा आवाज कोणालाच ऐकू गेला नाही. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मुकी पोर लई उनात का रे?" मुकी मुलगी घेऊन आलात का, असं. तेव्हापासून मी आणखीच गप्प झाले. म्हणून लिहिते.

आमच्या यांनी, म्हणजे नवऱ्याने, सारा जन्म ट्रक चालवला. माझं माहेर धुळ्याकडचं, सासर एरंडोलचं, आणि हे कायम रस्त्यावर. ताडपत्री बांधताना वरून पडले आणि डावा गुडघा गेला. क्लच दाबता येत नाही म्हटल्यावर गाडी सुटली. आता ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकतात आणि आत मला सांगतात, "हाई गाडी जास्त भरेल शे."

ते शिकले ते उस्तादाच्या हाताखाली. आधी क्लीनर. काच पुसायची, हातोडीने टायर ठोकून हवा बघायची, गाडीखाली झोपायचं, चुकलं की चापट खायची. रिकामी गाडी हाती मिळायलाच काही वर्षं गेली. भरलेली गाडी तर फार उशिरा. त्यांच्यात एक रीत होती. शिकाऊ पोरगा पहिल्यांदा भरलेली गाडी घेऊन घाट उतरला, आणि शेजारी बसलेल्या उस्तादाने एकदाही हात लावला नाही, तर तो पोरगा ड्रायव्हर झाला. मग पोरगा उस्तादाच्या खांद्यावर नवा टॉवेल टाकायचा आणि नारळ द्यायचा. सरकारचं लायसन त्याच्यानंतर.

आमचा मुलगा मोठा झाला आणि त्यालाही ट्रकच पाहिजे म्हणाला, तेव्हा हे म्हणाले, "मी मार खाईसन शिकनू. हाऊ शाळामा शिकी."

शाळा म्हटलं की माझी मान आपोआप खाली जाते. पाचवीचा वर्ग आमच्या गावात नव्हता, मुलीला परगावी कोण पाठवणार, म्हणून माझं शिक्षण तिथेच संपलं. शाळा म्हणजे तिथे एक माणूस असतो, त्याला येत असतं, आणि तो आपल्याला येईपर्यंत सोडत नाही, एवढंच मला ठाऊक. जळगावच्या त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आम्ही तिघं गेलो. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा रंगीत तक्ता होता. डोक्यावर गॉगल लावलेला एक तरुण माणूस होता, सगळे त्याला सर म्हणत होते. मला वाटलं, पोराचं भलं झालं. बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, पैसे मी साठवले होते. उन्हाळाभर ज्वारी भिजवायची, रांधायची, गच्चीवर थापायची, वाळली की दुकानांना द्यायची. ते सगळे पैसे मी त्या टेबलावर ठेवले, आणि वर नमस्कारही केला.

महिना झाला, पोरगं पास झालं. लायसन आलं. आम्ही पद्मालयाच्या गणपतीला जाऊन नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले.

त्याच आठवड्यात जेवताना यांनी सहज विचारलं, "उतारवर गाडी कशी आनस रे?"

"न्यूट्रल करस ना," मुलगा म्हणाला. "डिझेल वाचस."

यांचा घास हातातच राहिला. "कोनी सांगं तुले?"

"सरनी."

ज्यांना गाडीचं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते, कारण मलाही ऐकूनच ठाऊक आहे. भरलेली गाडी उतारावर इंजिनाने धरायची असते. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि मग पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. पुढे जे कोणी असेल ते संपलं.

मग एकेक विचारलं तसं बाहेर आलं. शाळेचा ट्रक एकच, तोही जुना आणि कायम रिकामा. चार-चार पोरं एका वेळी बसायची. स्टेअरिंग हाती यायचं ते मैदानाला एक चक्कर मारण्यापुरतं. गाडी मागे घ्यायला कधी दिलीच नाही, कारण मागे विजेचा खांब होता आणि सरांना खांबाची काळजी होती. घाट नाही, पाऊस नाही, पोतं नाही. आणि टेस्ट?

"टेस्टले आरटीओना साहेब खुर्चीवरच बशेल व्हता," मुलगा म्हणाला. "सर मना बाजूले बसना. गिअर त्यानीच टाका. थोडं पुढे गऊत, साहेबनी हात कया, झाली टेस्ट." आणि हसला. त्याला वाटलं आम्हीही हसू.

मला चौथीत गुणाकार येत नव्हता तर बाईंनी पुढे ढकललं नाही, तोच धडा पुन्हा करायला लावला. रडले, पण आला. माझ्या गुणाकाराने कोणाचा जीव जाणार नव्हता तरी बाईंनी सोडलं नाही. आणि इथे हातात मोठी गाडी द्यायची, रस्त्यावर सायकलवाले, ऊसतोडीच्या बैलगाड्या, शाळेची पोरं, आणि साहेब खुर्चीवरून हात करतो? पूर्वी या लायसनला आठवी पासची अट होती, ती काढली म्हणतात. बरं केलं. न शिकलेल्या माणसालाही गाडी येते, आमच्या घरात बसला आहे तसा माणूस. पण ज्याला गाडी येत नाही त्याला गाडीचं लायसन, हे कोणत्या अकलेचं?

सगळ्यात जास्त राग याचा आला की पोराला आपल्याला येत नाही हेच माहीत नव्हतं. उस्तादाची चापट खाल्ली असती तर एवढं तरी कळलं असतं.

तोवर यांच्या ओळखीच्या धुळ्याच्या शेठने पोराला कामावर बोलावलं होतं. धुळ्याहून मका भरून इंदूरला न्यायचा, येताना पेंडीची पोती आणायची. म्हणजे परतताना बिजासन घाट उतरायचा, तोही भरलेल्या गाडीने. यांनी शेठला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकर केला.

"शेठ, पोराला अजून येत नाही."

"नाना, लायसन आहे ना त्याच्याकडे?"

"आहे. पण येत नाही."

"अहो, लायसन आहे तर येतंच की! उद्या काही झालं तर विमावाले लायसन बघतात. येतं का नाही ते कोण बघतं?"

मुलगा रागावला. "आबा, तुम्हीन मनी इज्जत घालवी टाकी," म्हणाला. "सरकारनी पास कयं माले. मी जाणार शे." आणि पिशवी भरायला लागला.

हे आत आले, गुडघ्याला पट्टा बांधला आणि मला म्हणाले, "मनी बी पिशवी भर." शेठ म्हणाला, फुकट बसायचं असेल तर बसा. तुटक्या गुडघ्याचा माणूस ट्रकमध्ये शेजारी बसून निघाला. काही झालंच तर ते ब्रेकही दाबू शकले नसते. दोघं एकाच गाडीत होते.

ते आले तेव्हा मुलानेच सगळं सांगितलं. घाटाच्या वर आबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. मी दिलेली ठेचा-भाकर दोघांनी तिथे खाल्ली. आबा म्हणाले, "चढताना कोणता गिअर व्हता? तोच टाक. आते मी बोलाव नही." गाडी मुंगीसारखी उतरायला लागली. मागचे हॉर्न वाजवून शिव्या देत होते. अर्ध्यावर एक ट्रक शेजारून सुसाट गेला, त्याच्या चाकांतून धूर येत होता आणि जळका वास. खाली गेले तर तो ट्रक कडेच्या मातीच्या ढिगात घुसलेला. ड्रायव्हर बाहेर बसून थरथर कापत होता. आमच्या मुलाएवढाच. आबांनी त्याला पाणी पाजलं आणि विचारलं, कुठे शिकलास? तो म्हणाला, "शाळेत, काका."

हे सांगून मुलाने पिशवीतून नवा टॉवेल काढला आणि आबांच्या खांद्यावर टाकला. शिरपूरला उतरून घेतला होता म्हणे. नारळही होता. हे म्हणाले, "आजून चार-पाच खेप मी बाजूले बसणार शे, टॉवेलवर जाऊ नको." पण टॉवेल त्यांनी दिवसभर काढला नाही.

मी तो टॉवेल बघत होते, आणि मनात आलं, गुरुदक्षिणा यांना मिळाली, ती बरोबर मिळाली. मग मी त्या टेबलावर ठेवलेले पैसे कशाचे होते?

दुसऱ्या दिवशी एसटीने एकटी जळगावला गेले. एकटी मी कधी दवाखान्यातही गेले नव्हते. सरांसमोर उभी राहिले आणि कसंबसं म्हटलं, "पोराला शिकवलं नाही. पैसे परत द्या."

सर हसले. "अक्का, फी परत होत नसते. लायसन मिळालं ना? मग तुमचं नुकसान काय झालं?"

उत्तर मला घरी परतताना एसटीत सुचलं असतं, तसंच सुचतं नेहमी. पण पैसे सोडून परत जायचं नव्हतं. म्हणून बाकावर बसले.

तेवढ्यात दीपनगरचा एक माणूस भाच्याला घेऊन आला. सर फोनवर होते. त्याने मलाच विचारलं, "अक्का, तुमचाही पोरगा इथेच का? कसं शिकवतात?"

"नाही शिकवत," मी म्हटलं.

खरं तेच बोलले. माझा आवाज बारीकच होता, पण तो माणूस भाच्याचा हात धरून बाहेर गेला.

मग मी रोज जायला लागले. पिशवीत बिबडे असायचे, जाता-येता दुकानांना द्यायचे. बाकी वेळ बाकावर. स्वतःहून कोणाशी बोलले नाही, विचारलं तरच. पण फी भरायला आलेला माणूस बाकावर बसलेल्या बाईला विचारतोच. चहावाला सरांना म्हणाला, "सर, अक्काचा पगार चालू करा, तुमच्याआधी येते."

"अक्का, तुम्ही घरी जा हो," सर म्हणाले.

"हो. पैसे मिळाले की जाते."

"हे बघा, अर्धे घ्या. लायसनला माझाही खर्च झालाय."

"मला लायसन नको होतं," मी म्हटलं. "शिकवायचे पैसे दिले होते." या वेळी उत्तर तिथेच सुचलं. अर्धे पैसे टेबलावर तसेच ठेवले.

शेवटी नशिराबादचं एक शेतकरी जोडपं आलं. ती बाई माझ्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "एकुलता एक आहे हो. नीट शिकवतील ना?" तिचा चेहरा बघून मला राहवलं नाही. न्यूट्रलचं सांगितलं, खुर्चीवरच्या साहेबाचं सांगितलं, मातीत घुसलेल्या ट्रकचं आणि त्या थरथरणाऱ्या पोराचंही सांगितलं. एवढं मी आयुष्यात परक्या माणसांसमोर बोलले नव्हते. आवाज चढला असावा, कारण बोलून झालं तेव्हा चहावाला दारात येऊन उभा होता. ती बाई उठली, तिने आधी नवऱ्याच्या हातातले पैसे आपल्या कमरेला खोवले आणि मग त्याला घेऊन गेली.

सरांनी गॉगल काढून टेबलावर ठेवला. ड्रॉवर उघडला.

"आता उद्या येणार नाही ना?"

मी बाहेर पाहिलं. मैदानात तोच रिकामा ट्रक उभा होता, आणि चार पोरं आपापली चक्कर मिळायची वाट बघत होती.

"त्यांना तरी गाडी मागे घेऊ द्या," मी म्हटलं.

सरांनी पैसे पुढे सरकवले. एक रुपयाही कापलेला नव्हता.