पलीकडे जायची मोटर

रविवारी सकाळी काकूंच्या सिंकमध्ये भांडी नसायची, पंखा असायचा. छताचा नव्हे, होडीच्या मोटरीचा. पाण्याखाली फिरणारा, तीन पात्यांचा. काका तो भांड्यांच्या साबणाने घासत आणि ओट्यावरच्या स्वच्छ फडक्याने कोरडा करत.

"गोड्या पाण्याने धुतला नाही तर खारं पाणी धातू खातं," ते म्हणत.

"आणि तुम्ही माझं डोकं खाता," काकू म्हणत. मग चहाची भांडी बाथरूममध्ये विसळून आणत.

काका नोकरीत नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर दोघं खाडीकाठच्या या घरात राहायला आली. घर निवडलं काकूंनी, आणि ते फक्त एका खिडकीसाठी. ओट्यासमोरच्या त्या खिडकीतून पाण्यापलीकडे त्यांच्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं घर दिसायचं. ऊन चांगलं असलं की अक्काने कोणती चादर वाळत घातलीय तेही ओळखू यायचं. आई लवकर गेली तेव्हा अक्कानेच काकूंची वेणीफणी केली, शाळेत पोचवलं, लग्न लावून दिलं. आता अक्काचा नवरा नव्हता आणि मुलगा दूरच्या शहरात होता. समोर दिसणारं ते घर रस्त्याने मात्र फार लांब होतं. पूल पार वरच्या अंगाला, दोन बस बदलायच्या, अर्धा दिवस जायचा आणि काकूंची कंबर पुढचे चार दिवस बोलायची.

म्हणून काकांनी जुनी होडी आणि तिच्या मागे टांगायची जुनी मोटर घेतली. "तुझ्यासाठीच घेतली," ते म्हणाले होते, आणि तेव्हा ते खरंही होतं. पहिल्या मोसमात दोघं बऱ्याचदा पलीकडे गेली. होडी डुलत डुलत जायची. अक्का धक्क्यावर उभी असायची आणि लांबूनच ओरडायची, "पोचले का माझे आरमारवाले?"

मग एके दिवशी शेजाऱ्याच्या नव्या होडीने भर पाण्यात काकांना मागे टाकलं. शेजाऱ्याने नुसता हात केला. सभ्य माणूस होता तो, पण काकांना तो हात जिव्हारी लागला.

तिथून सगळं बिनसलं. आधी जास्त वेगाचा पंखा आला. मग मोटरीच्या खालच्या अंगाला बसवायचे पर, होडीचं नाक खाली राहावं म्हणून. मग मोटर चार बोटं वर उचलायची लोखंडी पट्टी. वजन कमी करायचं म्हणून बाकावरच्या गाद्या निघाल्या, आणि पाठोपाठ वल्हीही माळ्यावर गेली.

"वल्ही कशाला काढता?" काकूंनी विचारलं.

"मोटर असताना वल्हं ठेवणं म्हणजे मोटरीचा अपमान."

वेगाच्या जोडीला आली देखभाल. एकदा पंख्यामागे कुणाच्या तरी गळाची नायलॉनची तंगूस गुंडाळली गेली. तिने आतलं रबरी सील कापलं आणि खालच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलं. काकांनी तळाचा स्क्रू उघडला तर तेल दुधासारखं पांढरं. तो दिवस आणि आजचा दिवस, काकांचा त्या गिअरबॉक्सवरचा विश्वास उडाला तो उडालाच. सील नवीन घातलं, तरी दर आठवड्याला तेल बघायचं. बघायचं म्हणजे उघडायचं. उघडलं की वायसर बदलायचा, वायसर बदलला की तेल नव्याने भरायचं. तेही वरून ओतायचं नाही; खालच्या भोकातून पंपाने चढवायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. काका पंप मारत आणि काकू बाटली धरून उकिडव्या बसत. कोपरापर्यंत त्या तेलाचा वास, आंघोळीनेही न जाणारा.

"चांगली चालत होती की हो कालपर्यंत," काकू म्हणत.

"उघडल्याशिवाय कळणार कसं?"

"हे म्हणजे खाजवून खरूज काढणं झालं."

पण बाटली धरत. पलीकडे जाणं मात्र पुढच्या रविवारवर, आणि त्याच्या पुढच्या रविवारवर जात राहिलं. एक दूधवाला रोज कॅन घेऊन आपल्या धुरकट होडीतून खाडी ओलांडायचा. त्याने दोनतीनदा विचारलंही, "काकू, येता का? जागा आहे." काकांनीच परस्पर उत्तर दिलं, "घरात मोटर असताना दुसऱ्याच्या होडीत कशाला? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ते म्हणोत, काका आठवडाभर फुगून बसतील याची काकूंना जास्त धास्ती होती.

आणि मग अक्काचा फोन आला. मुलगा तिला कायमचं आपल्याकडे नेत होता. घर विकलं होतं. रविवारी दुपारी निघायचं.

"सामान गेलं बेबी, आता मीच तेवढी उरलेय उचलायची," अक्का म्हणाली. साठी उलटलेल्या काकूंना बेबी म्हणणारं जगात एवढं एकच माणूस राहिलं होतं. "येशील ना?"

"येते," काकू म्हणाल्या. फोन ठेवून त्या सरळ शेडमध्ये गेल्या. "ऐका. या रविवारी मोटर उघडायची नाही."

"उघडत नाही गं. नुसता पंखा बदलतो."

शनिवारी संध्याकाळपर्यंत काकांनी तीन पंखे आलटून पालटून लावून पाहिले. शेवटी नवाकोरा, आरशासारखा चकचकीत पोलादी पंखा कायम झाला.

रविवारी होडी खरोखर उडाली. काकूंनी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. काका वाऱ्यातून ओरडले, "बघितलंस?" काकू बघत होत्या समोर. धक्का दिसत होता, वर अंगणात उभी गाडी दिसत होती.

बरोबर मध्यावर मोटर एकदम किंचाळली. आवाज दुप्पट झाला आणि होडी मात्र सावकाश होत होत थांबली. काकांनी मोटर बंद केली, वर उचलली. पंख्याच्या जागी नुसता दांडा होता, ओला आणि उघडा.

"पिन घातली होती?" काकूंनी विचारलं. एवढ्या रविवारांत त्यांना सगळं पाठ झालं होतं. पंख्यावर नट, आणि नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार जाणारी, टोकं वाकवलेली बारीकशी पिन.

काका दांड्यावरचे आटे बोटाने चाचपू लागले.

"अहो, पिन?"

"संध्याकाळी काढायचाच होता ना पंखा. सारखी पिन काढा, सारखी घाला..."

"वल्ही माळ्यावर आहेत," काकू म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

गाडी अजून तिथेच होती. काकूंनी हात हलवला. इतक्या लांबून कोण बघतंय! होडी ओहोटीबरोबर हळूहळू खाली सरकू लागली. काका काठावरून वाकून पाण्यात बघत होते, पंखा जणू वर येऊन माफी मागणार होता.

दूधवाला आला तो पलीकडूनच, रिकामे कॅन घेऊन. "काय काका, ट्रायल का?"

"पंखा पडला."

"तो नवा? अरेरे! माझ्या पंख्याचं एक पातं अर्धं तुटलंय बघा. पण दूध वेळेवर पोचतं." त्याने दोर फेकला. "कुठे नेऊ?"

"घरी," काका म्हणाले. "शेडमध्ये जुना पंखा आहे. तो लावतो आणि तासाभरात परत निघतो. अगं, तासाभरात!"

म्हणणं चुकीचं नव्हतं. पण काकांचा तास काकूंना ठाऊक होता. त्या उठल्या. होडी हेलकावली. एक पाय या होडीत, एक त्या होडीत. दूधवाल्याने दंड धरला आणि त्या कॅनांच्या मध्ये जाऊन बसल्या.

"मला पलीकडे सोड. ह्यांना बांध मागे."

"अगं, पण..."

"बांध रे."

धक्क्यावर पोचल्यावर काका होडीतून उतरले नाहीत. "तू हो पुढे, मी जरा हे बघतो," म्हणाले. काकूंनी आग्रह केला नाही.

अक्का पायरीवर बसली होती, कारण घरात खुर्ची उरली नव्हती. आत भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन होते. मुलगा गाडीच्या टपावर शेवटची दोरी आवळत होता.

"आलीस! लागली का एकदाची मोटर मार्गाला?"

"नाही. दूधवाल्याबरोबर आले."

"तो रोज येतो, बेबी," अक्का म्हणाली.

"ह्यांना आवडलं नसतं. घरात मोटर असताना..."

"आणि तुला?"

अक्का पदर नीट करत म्हणाली, "मी आधी दर रविवारी दोन माणसांचं जास्तीचं करायचे. मग एकाचं. मग सोडून दिलं. वाटलं, मोटर हे निमित्त असेल, तुलाच येववत नसेल."

"असं वाटलं तर फोन करायचा! ओरडायचं माझ्यावर!"

"ओरडायला माणूस समोर लागतं गं."

गाडीचा हॉर्न वाजला. "एक मिनिट रे!" दोघी एकदमच म्हणाल्या. अक्काने काकूंच्या गालावरून हात फिरवला आणि नाक मुरडलं. "कसला वास येतोय तुला?"

"गिअरचं तेल."

"चांगलं नवऱ्याच्या नावाचं तेल लावून घेतलंयस," अक्का हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा रडवेला झाला. मुलाने दार उघडून धरलं होतं. जे बोलायचं म्हणून काकू इतके रविवार साठवत आल्या होत्या, त्यातलं एकही वाक्य निघालं नाही. "औषधं वेळेवर घे," एवढंच त्या म्हणाल्या. गाडी वळणावरून गेली, धूळही खाली बसली, तरी त्या पायरीपाशीच होत्या. मागे घराला कुलूप होतं आणि आता ते कोणाचं होतं हेही त्यांना माहीत नव्हतं.

खाली धक्क्यावर काकांनी मोटर वर उचलून तळाचा स्क्रू सैल केला होता. बोटावर तेलाचा थेंब घेऊन ते उन्हात धरून बघत होते.

"हे बघ! स्वच्छ. पाण्याचा टिपूस नाही. म्हणजे सील पक्कं बसलंय!" मग काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी बोट खाली घेतलं. "गेली का अक्का?"

"गेली."

"थांबवायचं ना जरा. मी येणारच होतो वर." काकूंनी पदर खोचला. काका घाईने म्हणाले, "आज घरी जाऊन जुना पंखा लावतो. पिन घालून, तुझ्यासमोर. पुढच्या रविवारी बघ कसे जातो ते."

"कुठे?"

काकांनी वर, बंद घराकडे पाहिलं. मग ते खाली वाकले आणि होडीच्या तळात चाचपू लागले. "स्क्रूचा वायसर इथेच ठेवला होता. हलू नका कोणी."

काकू धक्क्याला थांबलेल्या दूधवाल्याच्या होडीत कॅनांमध्ये जाऊन बसल्या. "चल रे," त्या म्हणाल्या.

दोर ताणला गेला. मागून काकांचा आवाज आला, "हळू! हळू! अजून स्क्रू बसला नाही, तेल सांडेल!"

दूधवाल्याने वळून काकूंकडे पाहिलं.

"हळू नको," काकू म्हणाल्या.