पेन्सिलने काढलेली खोली

त्या घरात आम्ही खरं म्हणजे घेतली ती गच्चीवरची खोली. खालचं घर तिच्याबरोबर आलं. हे मी आज म्हणतेय असं नाही, तेव्हाही नवऱ्याला म्हणत होते आणि तो मान हलवत होता.

खोली हवी होती अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे वडील. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते, छत्तीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे तपासले त्यांनी. आई गेल्यापासून एकटेच राहायचे आणि दर हिवाळ्यात तीन महिने आमच्याकडे दुबईला यायचे. आम्ही तेव्हा अल बर्शात, भाड्याच्या टू बेडरूममध्ये. एक खोली आमची, एक लेकीची, अप्पा हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर. पहाटे साडेपाचला उठून चादरीची घडी घालायचे, सोफा बंद करायचे आणि फिरायला निघून जायचे, कारण हॉल मोकळा व्हायला हवा. आठ वाजता आम्ही तिघं बाहेर पडायच्या घाईत असताना बेल वाजायची. किल्ली दिलेली होती तरी बेल वाजवायचे. त्या बेलचा मला इतका राग यायचा की एकदा दार उघडून मी त्यांच्यावरच ओरडले.

"अगं, पाहुण्याने किल्लीने आत येऊ नये," ते म्हणाले.

ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं. अप्पांना स्वतःची खोली पाहिजे, आतून दार लावून घेता येईल अशी. पुढची दोन वर्षं मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात डबा खाता खाता फक्त घरं बघितली. तीन बेडरूमचं काही म्हणजे काही परवडत नव्हतं. नवरा प्रत्येक किंमत दिरहॅममध्ये वाचायचा, मग मोठ्याने रुपयांत करायचा, आणि मग आम्ही दोघं पुढची जाहिरात उघडायचो.

शेवटी एका एजंटने शहराबाहेरच्या टाउनहाऊसच्या वसाहतीत नेलं. खाली हॉल, किचन आणि किचनच्या मागे कामवालीसाठीची मेड्स रूम. वर दोन बेडरूम. आणि त्याच्याही वर, जिथे नुसती गच्ची असायला हवी, तिथे एक खोली. दोन बाजूंना खिडक्या, लागून बाथरूम, दारात कुंड्यांना जागा. भाव मात्र दोन बेडरूमचा. मी आत उभी राहिले आणि मला सगळं दिसलंच, पलंग इथे, टेबल तिथे, अप्पा दार लावून आत. एजंट म्हणाला, मॅडम, इस लाइन में सबने बनाया है. भाजीवाल्याने कोथिंबिरीची एक जुडी जास्त टाकली तरी मी संशयाने उलटीपालटी करून बघते. इथे खोलीच्या खोली जास्त मिळत होती आणि मी चकार शब्द काढला नाही.

आता पुढचा मूर्खपणा, आणि तो खास आमचाच. सासूबाईंचा हट्ट होता की वास्तू बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. पुण्याचे त्यांचे वास्तुतज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर आले, नवरा मोबाइलमधलं होकायंत्र धरून घरभर फिरला, आणि शेवटी ते म्हणाले की मंजूर नकाशा पाठवा. मी एजंटच्या मागे लागून तो मिळवला. नकाशात गच्ची होती. खोली नव्हती. नुसता कोरा चौकोन, आणि त्यात इंग्रजीत लिहिलेलं, ओपन टेरेस.

हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. आणि केलं काय? म्हटलं, काय अर्धवट माणूस आहे, जुना नकाशा पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन परत त्या घरी गेले, खोली आडवीउभी मोजली, रात्री डायनिंग टेबलावर पट्टी-पेन्सिल घेऊन बसले. लहानपणी अप्पांच्या टेबलापाशी बसून स्केलने रेघ मारायला शिकले होते, हात अजून साफ होता. त्या कोऱ्या चौकोनात खोली काढली, दार, खिडक्या, बाथरूम, सगळं मापात. फोटो पुण्याला पाठवला. उत्तर आलं, नैर्ऋत्येला वर बांधकाम, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला अत्युत्तम. सासूबाई खूश झाल्या आणि आम्ही टोकनचा चेक दिला.

बँकेचा माणूस घर बघून गेला तेव्हा त्याच्या रिपोर्टातही दोनच बेडरूम आल्या. नवऱ्याने मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, बँकवाले कमीच लिहितात.

अप्पांना यातलं काही कळू दिलं नाही. सरप्राइज द्यायचं होतं ना मला! आयुष्यभर नकाशे तपासलेला माणूस माझ्या हक्काचा, एका फोनवर असलेला, आणि नकाशा मी नेमका त्याच्यापासून लपवला. त्यांना एवढंच सांगितलं की आता कायमचे या. ते नको म्हणत होते. मी फोनवर रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला, आणि रिकामा ठेवून काय करायचाय म्हणून त्यांचा फ्लॅटसुद्धा विकायला लावला. त्या भांडणात मी जिंकले.

जानेवारीत ते आले. मी त्यांना हाताला धरून वर नेलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, मग बाहेर जाऊन खोलीची भिंत गच्चीला जिथे टेकली होती तिथे वाकून बराच वेळ बघत राहिले. मी मागे उभी, तोंडावर हसू मावत नव्हतं. विचारलं, कशी आहे? म्हणाले, "उजेड छान आहे."

आठ महिने ते तिथे राहिले. ते दिवस चांगले होते, हे सांगितलंच पाहिजे. सकाळी दार बंद असायचं. साडेसातला ते आरामात खाली उतरायचे, चहा मागायचे, साखर कमी पडली की बोलायचे. बाहेर गेले तर किल्लीने आत यायचे. प्लास्टिकच्या टबात तुळस लावली होती. लेक गणितं घेऊन वर जायची, ती इंग्रजीत विचारायची, ते मराठीत समजावायचे, आणि दोघांचं छान जमायचं. माझी कुरकुर फक्त त्यांच्या बॅगेवर असायची. मी चांगलं तीन दारी कपाट घेऊन दिलं होतं, त्यात त्यांनी औषधं तेवढी ठेवलेली. कपडे पलंगाखालच्या बॅगेत. काढायचे, घालायचे, धुऊन परत तिथेच. मी म्हणायची, अप्पा, आता तरी बॅग रिकामी करा, प्रवासाला आलाय का? ते हसायचे.

मग दोन घरं पलीकडचे शेजारी घर विकायला निघाले. मधल्या काळात वसाहतीच्या कंपनीने नियम काढला होता की विक्रीची एनओसी देण्याआधी घर वरपर्यंत तपासायचं. त्यांचा इन्स्पेक्टर शेजाऱ्यांच्या गच्चीवर चढला आणि त्याला आमची खोली दिसली. अप्पा तुळशीला पाणी घालत होते. त्याने कठड्यावरून हिंदीत विचारलं, बाबूजी, ये रूम पहले से है? अप्पांनी त्याला आमच्या घरी बोलावलं, चहा पाजला, आणि सांगितलं की नाही, मागून बांधलीय. सांधा कुठे आहे तेही दाखवलं.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो दातओठ खात म्हणाला, त्यांना गप्प बसता येत नव्हतं? मी त्याच्या अंगावर धावून गेले. आणि पाच मिनिटांनी वर जाऊन अप्पांना तेच विचारलं.

"त्याला दिसत होतंच," अप्पा म्हणाले. "विचारल्यावर खोटं कसं सांगू? मी असाच जिना चढून लोकांना विचारायचो."

नोटीस आली. तीस दिवसांत परवानगी आणा, नाहीतर खोली काढा. आम्ही एक कन्सल्टंट आणला. त्यानेही अप्पांसारखीच भिंतीवर टकटक केली आणि मान हलवली. खालचा स्लॅब नुसत्या गच्चीचा होता, आणि प्लॉटवर जेवढं बांधायची मुभा होती तेवढं बांधून संपलेलं. कुठलाही नकाशा मंजूर होणार नाही म्हणाला. घर विकणारा केव्हाच कॅनडाला निघून गेला होता, करारात आम्ही 'आहे त्या स्थितीत' यावर सही केली होती. एजंट फोन उचलेना. कंपनीच्या काउंटरवर मी मुदत वाढवून मागितली, तिथल्या बाईने फार गोड आवाजात दोनदा इन्शाल्ला म्हटलं. इतकी वर्षं इथे काढल्यावर त्याचा अर्थ कळतो.

तरी शेवटचं म्हणून मी नकाशा घेऊन अप्पांकडे गेले. म्हटलं, तुम्ही बघा, काही पळवाट निघते का. त्यांनी चष्मा लावला, कागद खिडकीपाशी नेला आणि पेन्सिलच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हे तू काढलंस?"

मी हो म्हटलं. वास्तूचं सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, रागावायला हवे होते.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले. मग कागद घडी करून माझ्या हातात दिला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. पण तू इतकी हसत होतीस."

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. बॅग पलंगाखाली का होती ते तेव्हा कळलं. आठ महिने तो माणूस खोली जाईल याची वाट बघत त्या खोलीत राहिला, आणि मी त्याला कपाट वापरत नाही म्हणून बोलत होते.

खोली पाडायला दीड दिवस लागला. चार मजूर आले, पत्रे आणि पॅनेल सुटे करून दोरीने खाली सोडले, मुकादम यल्ला यल्ला करत होता. संध्याकाळी तो खलास म्हणाला. वर नकाशात होती तशी गच्ची झाली.

अप्पांना परत पाठवावं तर कुठे? लेक म्हणाली, "He can have my room, I'll manage in the hall." अप्पा म्हणाले, तिचं बोर्डाचं वर्ष आहे, नको. मी म्हटलं, मग आमची खोली घ्या. नको म्हणाले. मी परत म्हटलं. परत नको म्हणाले. आपल्याकडे जेवायला आलेल्या परक्या माणसालासुद्धा तीनदा आग्रह करतात. मी दोनदा केला आणि गप्प बसले. थकले होते, दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, काहीही कारण सांगता येईल. ती तिसरी वेळ मी गिळली, हे खरं आहे.

मग त्यांनी स्वतःच किचनमागचं दार उघडलं. मेड्स रूममध्ये आम्ही इस्त्रीचं टेबल आणि खोकी ठेवली होती. खिडकी नाही, छताजवळ एक जाळी, पलीकडे वॉशिंग मशीन. पलंग टाकला की उभं राहायला एक फरशी उरते. अप्पांनी नकाशा मागून घेतला, ती खोली त्यात शोधली, लांबीरुंदी वाचली.

"ही मंजूर आहे," ते म्हणाले. "इथून कोणी उठवणार नाही."

बॅग पलंगाखाली गेली. कपाट तिथे मावलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मुख्य दार ओढून घेतल्याचा आवाज आला. सप्टेंबर होता, त्या वेळीही बाहेर अंगाची चिकचिक व्हायची. मी उठून किचनमागे डोकावले, चादरीची घडी घातलेली होती. आठ वाजता मी लेकीचा डबा भरत होते तेव्हा बेल वाजली. दार उघडलं. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आणि किल्ली हातातच होती.