शिंगांची टोकं

आमच्या गहिनीमामाला नेवाशातल्या फोटो स्टुडिओत नोकरी हवी होती. त्यानं घोडेगावच्या बाजारातल्या खोंडाचा फोटो मालक नृसिंहकाकांना दाखवला. काका नाकातून बोलले, "शिंगांची टोकं कापलीस की रे. भ्यालास? पुढ्यात जाऊन खाली बस."

पुढच्या बाजाराला मामा त्याच मारक्या खोंडापुढं उकिडवा बसला. खोंडानं त्याला शिंगावर घेऊन टेम्पोवर आदळलं, खाली पाडून तुडवलं. दोन बरगड्या मोडल्या, ओठ फाटला, पण कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं होतं.

दवाखान्यात काकांनी कॅमेऱ्यावरचं रक्त पुसून फोटो निरखला.

"टोकं आली. पण हात हललाय."

मामा फाटक्या ओठानं म्हणाला, "मी न्हाई हाललो, काका. खोंड हालला."

"बरगड्या जुळल्या की कामावर ये. नवरदेव एवढा हलत नाही."